एक रात्र मचाणावर

बालमित्रांनो, मे महिन्याची सुट्टी लागली की तुमचे बेत ठरलेले असतात. मामाचा गाव, आंबे, पत्ते, फार तर केळव्याचा किनारा! पण समजा, कुणी तुम्हाला म्हणालं, "चल, एक रात्र जंगलात जागून काढू. बोलायचं नाही, हलायचं नाही, फक्त मोजायचं!" तर जाल?

कोस्टारिका किंवा बोर्निओच्या वर्षावनांत जगभरचे लोक सुट्टी घेऊन अशीच कामं करायला जातात. कुणी कासवांची अंडी राखतात, कुणी रोपं लावतात, कुणी पक्षी मोजतात. आपल्याला मात्र इतक्या लांब जायला नको. बोईसर नाहीतर पालघरला लोकलमध्ये बसायचं, वसई रोडला उतरायचं आणि पूर्वेला महामार्गाकडे निघायचं. समोर दिसतो तो तुंगारेश्वरचा डोंगर. २००३ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तानसाचं अभयारण्य आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान यांना जोडणारा हा हिरवा दुवा आहे.

हे वर्षावन का? नाही बरं! वर्षावनात पाऊस जवळजवळ वर्षभर पडतो. आपल्याकडे तो चार महिने धो धो कोसळतो आणि मग आठ महिने पाठ फिरवतो. म्हणून आपले साग, ऐन, पळस उन्हाळ्यात पानं गाळून पाणी वाचवतात. मे महिन्यात ओढे आटतात, थोडेच पाणवठे उरतात आणि तहानलेल्या प्राण्यांना तिथे यावंच लागतं. त्यात वैशाखातली बुद्ध पौर्णिमा म्हणजे लख्ख चांदणं. म्हणूनच या रात्री पाणवठ्यावर प्राणी मोजण्याची पद्धत पडली. वनखात्याच्या माणसांबरोबर स्वयंसेवकही मचाणावर बसू लागले.

मचाणावरचे नियम कडक असतात. कपडे मळखाऊ रंगाचे हवेत. अत्तर, पावडर चालणार नाही, कारण प्राण्यांचं नाक आपल्यापेक्षा फार तिखट! टॉर्च लावायचा नाही आणि उजाडेपर्यंत खाली उतरायचं नाही. हातात तक्ता असतो. कोणता प्राणी, किती वाजता आला, किती होते, नर की मादी, सोबत पिल्लू होतं का, हे सगळं लिहायचं.

पहिले दोन-तीन तास नुसते डास चावतात! मग कान उघडतात. 'चक्-चक्-चक्' करणारा तो रातवा. कुत्र्यासारखं भुंकतंय ते भेकर. ते भुंकायला लागलं, तर जवळपास बिबट्या असू शकतो. पाचोळा करकरला, की रानडुकरं आली असतील. आणि काहीच आलं नाही तर? तर तेही प्रामाणिकपणे लिहायचं. न पाहिलेला बिबट्या तक्त्यात लिहिणं म्हणजे परीक्षेत कॉपी करणंच की!

आता खरी गोष्ट सांगतो. अशा मोजणीतून प्राण्यांचा नेमका आकडा कळत नाही. एकच डुक्कर दोनदा पाणी पिऊन गेलं, तर ते दोनदा मोजलं जातं. म्हणून शास्त्रज्ञ आता झाडांवर आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावतात. प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे, अगदी आपल्या बोटांच्या ठशांसारखे! २०१५ साली संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि आसपासच्या भागात असे ३५ बिबटे ओळखता आले. वनखातंही आता पौर्णिमेच्या या रात्रीला 'निसर्गानुभव' म्हणतं.

मग जागायचं कशाला? त्यासाठी रानपिंगळ्याची गोष्ट ऐका. हे छोटंसं घुबड १८८४ नंतर कुणालाच सापडलं नव्हतं. ते संपलं, असंच बहुतेकांनी धरलं होतं. तब्बल ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना ते शहाद्याजवळच्या रानात दिसलं. पुढे २०१४ साली सुनील लाड आणि रोहिदास डगळे यांनी त्याची नोंद थेट आपल्या तानसाच्या जंगलात केली. म्हणजे पक्षी होता, पण बघणारे डोळे कमी पडत होते! आणि जिथे काय आहे हेच ठाऊक नाही, ते जंगल तुटताना हळहळणार तरी कोण?

इथल्या वारली बांधवांना हे फार पूर्वीपासून कळलेलं आहे. ते वाघोबाला देव मानतात, वाघबारशीला त्याची पूजा करतात. भीती आहे, पण वैर नाही. जंगलात जाल तेव्हा तिथल्या आजोबांशी जरूर बोला. पायाचा ठसा बघून प्राणी ओळखणारे हे खरे गुरुजी!

मचाणासाठी वयाची अट असते. तेव्हा आई-बाबांनो, आधी वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करा. तोवर छोट्यांनी थांबायचं का? मुळीच नाही. रोज एकाच झाडाखाली, एकाच वेळी, दहा मिनिटं बसा. दिसलेले पक्षी वहीत लिहा, तारीख टाका. तारापूर-चिंचणीच्या किनाऱ्यावर जखमी कासव दिसलं, तर त्याला समुद्रात ढकलू नका. मोठ्यांकरवी वनखात्याला कळवा. डहाणूला अशा कासवांसाठी उपचार केंद्र आहे.

वर्षभराने वही उघडा. तुमच्या झाडाबद्दल तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. मग, करताय ना सुरुवात? पहिलं पान आजचंच!