एमजीबी : मालकाच्या हातांनी टिकलेली स्पोर्ट्‌स कार

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन येथे तयार होत होती. आधी दोन आसनांची, उघड्या टपाची रोडस्टर आली आणि १९६५ मध्ये बंद छताची जीटी. दोन्ही मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. ऑक्टोबर १९८० मध्ये उत्पादन थांबले, पण यांतल्या हजारो गाड्या अजून धावतात आणि पुष्कळ मालक त्यांची देखभाल घरच्या गॅरेजात स्वतः करतात. साधी रचना, मोठी उत्पादनसंख्या आणि अखंड मिळत राहिलेले सुटे भाग यांमुळे हे शक्य झाले. या गाडीतली जवळजवळ प्रत्येक यांत्रिक वस्तू उघडता, झिजलेली बदलता आणि पुन्हा बसवता येते. गाडीचे आयुष्य खरे ठरते ते तिच्या पत्र्यावर. म्हणून देखभालीत कामांचा क्रम सर्वांत महत्त्वाचा.

रचना आणि वर्षावर्षांतले फरक

सिड एनेव्हर यांच्या देखरेखीखाली आखलेल्या या गाडीत वेगळी चॅसी नाही. सगळा भार जोडलेल्या पत्र्याची बॉडीच पेलते. इंजिन बीएमसी कंपनीच्या 'बी-सीरीज' कुळातले, १७९८ सीसीचे, चार सिलिंडरचे. ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आणि व्हॉल्व्ह उघडायला पुशरॉड. दोन एसयू कार्ब्युरेटरांसह ते सुमारे ९५ अश्वशक्ती देई. पुढे कॉइल स्प्रिंग व डिस्क ब्रेक, मागे पाट्यांच्या स्प्रिंगा व ड्रम ब्रेक. यांतले बरेचसे त्या काळच्या साध्या घरगुती मोटारींतूनच आलेले होते. भारतातील अ‍ॅम्बेसेडरचे १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिनही याच कुळातले. अ‍ॅम्बेसेडरचे टॅपेट लावलेल्या मिस्त्रीला एमजीबीचे बॉनेट उघडल्यावर परकेपणा वाटणार नाही. आज भारतात एमजी नावाने विकल्या जाणाऱ्या, हलोलच्या कारखान्यातल्या गाड्यांशी मात्र तिचा यांत्रिक संबंध काहीही नाही.

सुटा भाग मागवण्यापूर्वी गाडीचे वर्ष आणि चॅसी नंबर पाहावा लागतो. पहिल्या इंजिनांत क्रँकशाफ्टला तीन मुख्य बेअरिंगे होती, १९६४ च्या अखेरीपासून पाच झाली. १९६७ च्या सुमारास डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला आणि गिअरबॉक्स सर्व पुढच्या गिअरांना सिंक्रोमेश असलेला झाला. त्याच वेळी विजेची जोडणीही उलटली. त्याआधीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे, नंतर ऋण टोक. जुन्या गाडीत ही गोष्ट न तपासता आधुनिक रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन जोडले, तर ते तत्काळ जळू शकते. १९७४ च्या अखेरीस अमेरिकी नियमांसाठी काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंची वाढली, त्यामुळे सस्पेन्शनचे काही भागही बदलले.

आधी पत्रा

दारांखाली दोन्ही बाजूंना लांबीभर जाणारी पोकळ पेटी, म्हणजे सिल, हा या गाडीचा कणा. रोडस्टरला छत नसल्याने पुढचा आणि मागचा भाग जोडून ताठ ठेवण्याचे काम मुख्यत्वे या पेट्यांवर पडते. त्या पत्र्याच्या अनेक थरांनी बनलेल्या आहेत. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात साचतो, ओल धरतो, आणि तिथून गंज सिलमध्ये शिरतो. आसनांमागच्या बॅटरीच्या पेट्या, चाकांवरच्या कमानी आणि जमिनीचा पत्रा या गंजाच्या इतर ठरलेल्या जागा.

तपासणी सोपी आहे. गाडी एका बाजूने जॅकवर उचलावी आणि दाराभोवतीची फट पाहावी. फट अरुंद होत असेल किंवा दार अडकत असेल, तर सिल कमकुवत झाली आहे. कुजलेल्या पत्र्यावर नवा पातळ पत्रा वेल्ड करून रंग मारला की गाडी चांगली दिसते, पण आतला गंज चालूच राहतो आणि बॉडीला बळ मिळत नाही. योग्य पद्धत संथ आहे. गाडी सपाट जागी नीट टेकवायची, दाराच्या चौकटीत लोखंडी आधार पक्का करायचा, एका वेळी एकच बाजू कापायची, आणि प्रत्येक थर जोडण्यापूर्वी दार लावून फट पुन्हा मोजायची. आधार न देता सिल कापली तर बॉडी वाकते आणि नंतर कोणतेही दार नीट बसत नाही. काम संपल्यावर पोकळीत मेण फवारले जाते. ज्याचा वेल्डिंगचा हात बसलेला नाही, त्याने हे एक काम जाणकाराकडे सोपवणेच योग्य. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीची संपूर्ण नवी बॉडी बनवायला घेतली. कुजल्यामुळे भंगारात गेल्या असत्या अशा गाड्यांना त्यामुळे नवी वाट मिळाली.

नेमाची कामे

या गाडीचे बहुतेक नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. मिलिमीटरचा जवळपासचा पाना लावला तर नटाचे कोपरे झिजतात, म्हणून इंची पान्यांचा संच ही पहिली खरेदी. दुसरी भक्कम स्टँडांची. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

पुढची चाके किंगपिनवर फिरतात. प्रत्येक बाजूला ग्रीसचे तीन निपल आहेत आणि सुमारे ५,००० किलोमीटरना, चाकावरचा भार काढून, तिथे ग्रीसगन चालवावी लागते. हे काम काही मिनिटांचे आहे. ते टाळले तर किंगपिन आणि बुश झिजतात आणि सगळी जोडणी खोलावी लागते. इंजिनाला २०डब्ल्यू-५० जातीचे तेल लागते. कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासत चालत असल्याने जस्ताची पुरेशी संयुगे असलेले तेल निवडले जाते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलतात. जुने रबरी ब्रेक होज आतून फुगले तर पेडल सोडल्यावरही चाक जखडलेले राहते. बाहेरून होज चांगला दिसत असला तरी वयावरून तो बदलावा.

क्लच बदलणे हे घरच्या गॅरेजातले सर्वांत मोठे नेहमीचे काम. त्यासाठी इंजिन बाहेर काढावे लागते, म्हणून क्रेन आणि दुसऱ्या माणसाची मदत हवी. क्लच दाबणारा भाग बॉल बेअरिंगचा नसून कार्बनच्या कड्याचा आहे. सिग्नलला क्लच दाबून थांबण्यापेक्षा गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली तर तो पुष्कळ जास्त टिकतो.

इंजिनाची जुळणी

इंजिन नीट चालत नसेल तर व्हॉल्व्ह, मग इग्निशन आणि शेवटी कार्ब्युरेटर या क्रमाने तपासणी होते. कार्ब्युरेटरचा वाटणारा दोष अनेकदा इग्निशनमध्ये सापडतो, आणि क्रम उलटवला तर चांगली असलेली जुळणीही बिघडते.

टॅपेटची फट थंड इंजिनावर ०.३८ मिलिमीटर ठेवतात. आठ व्हॉल्व्हांसाठी नऊच्या बेरजेचा नियम आहे. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिला लावायचा, सातवा उघडा असेल तेव्हा दुसरा, असे पुढे. त्यानंतर डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर करून टायमिंग तपासतात.

एसयू कार्ब्युरेटरात इंजिनाच्या ओढीने एक पिस्टन वर उचलला जातो. त्याला लावलेली निमुळती सुई जेटमध्ये वरखाली होते आणि हवेच्या प्रमाणात पेट्रोल सोडते. दोन कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात का, हे रबरी नळी कानाशी धरून दोन्हींचा सूसू आवाज ताडून ठरवता येते. मग एकेकाचा पिस्टन जेमतेम ०.८ मिलिमीटर उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त आहे, इंजिन बंद पडू लागले तर कमी, आणि वेग क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर मिश्रण बरोबर. जेटखालचा नट वर फिरवला की पेट्रोल कमी होते, खाली फिरवला की वाढते. पिस्टनच्या वरच्या नळकांड्यात थोडे तेल लागते. ते संपले की वेग घेताना इंजिन अडखळते.

वीज आणि पेट्रोल

विजेचे बरेच दोष मूळ यंत्रांत नसून सांध्यांत असतात. लुकासच्या वायरिंगमध्ये रंग ठरलेले आहेत. तपकिरी वायर थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, काळी अर्थिंगची. दिवे मंद असतील तर आधी बॉडीवरचा अर्थिंगचा सांधा घासून स्वच्छ करावा. मागच्या बाजूचा विजेचा पेट्रोल पंप आपली स्थिती आवाजाने सांगतो. चावी फिरवल्यावर तो टकटक करतो आणि कार्ब्युरेटर भरले की थांबतो. टकटक थांबतच नसेल तर गळती आहे किंवा टाकी रिकामी आहे. आवाजच नसेल तर पंपाचे पॉइंट, वायर किंवा अर्थिंग पाहावे.

शिशाचे पेट्रोल ब्रिटनमध्ये २००० साली सर्वसाधारण विक्रीतून गेले. ते व्हॉल्व्हच्या बैठकांना संरक्षण देत असे, म्हणून हेड उघडल्यावर कठीण पोलादाच्या बैठका बसवून घेतात. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, भारतात आता २० टक्क्यांचे मिश्रण रूढ झाले आहे. इथेनॉल जुने रबर कुरतडते. पेट्रोलच्या सर्व नळ्या आणि सील इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे नसतील तर आगीचा धोका संभवतो, म्हणून हा बदल पुढे ढकलण्यासारखा नाही.

ज्ञान आणि जबाबदारी

कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलसोबत हेन्सची पुस्तके पिढ्यान्‌पिढ्या गॅरेजांत वापरली गेली. गाडी प्रत्यक्ष खोलून आणि जोडून लिहिलेल्या या मालिकेची सुरुवात १९६६ मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइटपासून झाली. १९३० चा एमजी कार क्लब आणि १९७३ चा एमजी ओनर्स क्लब यांनी सदस्यांमधली माहिती एकत्र ठेवली.

ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून मोठे बदल न केलेल्या, ४० वर्षांहून जुन्या गाड्यांना वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती नाही. गाडी रस्त्यावर सुरक्षित ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी मात्र मालकाचीच राहते. त्यामुळे दरवर्षी सिल, ब्रेकच्या नळ्या, किंगपिन, स्टिअरिंगचे सांधे, टायर आणि पेट्रोलच्या नळ्या या क्रमाने तपासून तारीख आणि किलोमीटरसह वहीत नोंद करणे हा देखभालीचाच भाग आहे. पुढच्या दुरुस्तीची वेळ आणि पुढच्या मालकाचा विश्वास, दोन्ही त्या नोंदींवर ठरतात.