सहलीचं नियोजन : थायलंडला जायचं तर आधी वारा पाहा



भूगोलातला 'मोसमी वारे' हा धडा आपण परीक्षेपुरता वाचतो आणि विसरून जातो. पण घरात परदेशी सहलीचा विषय निघाला की सगळ्यात आधी हाच धडा उघडायला हवा. आज थायलंडचं उदाहरण घेऊन ते समजून घेऊ.

बहुतेक घरांत काय होतं? आधी स्वस्त तिकीट शोधतात, मग हॉटेल, आणि हवामान आठवतं ते बॅग भरताना! हा क्रम उलटा करा. आधी नकाशा, मग महिना, मग ठिकाण आणि शेवटी तिकीट.

देश एक, किनारे दोन

थायलंडचा नकाशा समोर घ्या. हत्तीच्या डोक्यासारखा आकार दिसेल. दक्षिणेकडे उतरलेली चिंचोळी पट्टी म्हणजे सोंड. तिच्या पश्चिमेला अंदमान समुद्र आहे. फुकेत आणि क्राबी या बाजूला. पूर्वेला थायलंडचं आखात. को समुई हे बेट त्या बाजूला. ('को' म्हणजे बेट.) क्रा संयोगभूमीपाशी ही पट्टी जेमतेम ४४ किलोमीटर रुंद आहे. तरीही दोन्ही बाजूंचा पाऊस वेगवेगळ्या वेळी येतो. असं का?

साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत इथे नैर्ऋत्य मोसमी वारे वाहतात. आपल्या कोकणाला भिजवणारे तेच हे वारे. ते अंदमान समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, पट्टीच्या मधल्या डोंगरांना अडतात आणि पश्चिम किनाऱ्यावर कोसळतात. डोंगरांपलीकडे त्या मानाने कमी पाऊस पडतो. सह्याद्रीच्या अलीकडे आणि पलीकडे आपण हेच पाहतो ना?

ऑक्टोबरनंतर वारा फिरतो. चेन्नईला पाऊस देणारे ईशान्य मोसमी वारे आखातावरून येतात आणि को समुईला झोडपतात. तिथे नोव्हेंबर हा भर पावसाचा महिना असतो. नेमक्या त्याच वेळी फुकेतचं आकाश मोकळं होऊ लागतं.

आपल्या सुट्ट्या कुठे बसतात?

*उन्हाळी सुट्टी :* मेच्या उत्तरार्धात फुकेत-क्राबीला पावसाळा सुरू झालेला असतो. तेव्हा को समुईची बाजू बरी. एखादी सर तिथेही येईल, पण समुद्र त्या मानाने शांत असतो. मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडच्या चियांग माईला जायचा विचार असेल तर सांभाळा. त्या दिवसांत शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर तिथे दाटतो. दम्याचा त्रास असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

*दिवाळी :* दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात. ऑक्टोबरात पश्चिमेचा पाऊस संपलेला नसतो आणि पूर्वेचा सुरू होत असतो. त्या वर्षी समुद्राचा बेत नको. नोव्हेंबरच्या मध्यानंतर जाणार असाल तर फुकेत-क्राबी निवडा.

*नाताळ :* पश्चिम किनाऱ्याचे हे सर्वांत सुंदर दिवस. मात्र गर्दी आणि दर, दोन्ही चढे!

प्रश्न फक्त भिजण्याचा नाही

पावसाळ्यात फुकेतचे दर उतरतात आणि मोह होतो. पण त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो. वरून साधं दिसणारं पाणी माणसाला किनाऱ्यापासून आत ओढून नेतं. चांगले पोहणारेही त्यात दगावतात. किनाऱ्यावर लाल झेंडा दिसला तर पाण्यात उतरायचं नाही. गुडघाभर पाण्यातही नाही. चुकून प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडा आणि मग वळा.

शिवाय सिमिलान बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात. चित्रपटामुळे गाजलेल्या माया बे या उपसागरात गर्दीने प्रवाळांची हानी झाली, म्हणून तो २०१८ मध्ये बंद केला आणि २०२२ च्या जानेवारीत पुन्हा उघडला. आता तो दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बंद ठेवतात. म्हणजे स्वस्त तिकिटावर गेलात आणि जे पाहायचं तेच बंद, असं व्हायचं!

निघण्यापूर्वी

१. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी.
२. व्हिसाचे नियम बदलत असतात. शेजाऱ्याचं ऐकून तिकीट काढू नका. थायलंडच्या दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा.
३. १ मे २०२५ पासून प्रवेशासाठी डिजिटल आगमन पत्र भरावं लागतं. ते मोफत आहे. कोणी पैसे मागितले तर ते संकेतस्थळ सरकारी नाही, हे ओळखा.
४. प्रवासविमा घ्या. योग्य परवाना नसताना भाड्याची दुचाकी चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी सहसा पैसे देत नाही.
५. ई-सिगारेटवर तिथे बंदी आहे. जवळ बाळगणंही अंगाशी येतं.
६. देवळात खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत.
७. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ लिहून ठेवा.

शाकाहारी मंडळींसाठी

नुसतं 'भाजी द्या' म्हणून भागत नाही, कारण भाजीतही माशाचा सॉस पडतो. 'मांग्सविरत' हा थाई शब्द लक्षात ठेवा. ओळखीचा वाटतो ना? मूळ संस्कृतच : मांस आणि विरती! दुसरा शब्द 'जे'. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो. 'जे' जेवणात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो.

जाता जाता एक गंमत. को समुईची बोट सुरत थानी प्रांतातून सुटते. १९१५ मध्ये हे नाव गुजरातमधल्या सुरतेवरून दिलं गेलं आणि तिथल्या नदीला नाव मिळालं तापी! खानदेशातल्या मुलांनी हे वर्गात नक्की सांगावं.

स्वाध्याय : यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीच्या तारखा पाहा. त्या दिवसांत फुकेत, को समुई आणि चेन्नई यांपैकी कुठे पाऊस असेल, ते वाऱ्यांच्या दिशा काढून दाखवा. मग तो कागद घरी सहलीचा बेत ठरवणाऱ्यांच्या हातात द्या.