मिसिसिपीचा कापूस आणि मुंबईची तेजी

वाशीहून सीएसएमटीकडे जाणारी हार्बर मार्गावरील गाडी वडाळा आणि शिवडी मागे टाकून कॉटन ग्रीन स्थानकात थांबते. नवी मुंबईत घर आणि मशीद बंदर किंवा काळबादेवीला पेढी असलेल्या व्यापारी मंडळींना हे नाव इतके सवयीचे झाले आहे की त्याचा अर्थ आता सहसा कुणाच्या मनात येत नाही. कॉटन ग्रीन म्हणजे कापसाच्या गाठी रचून ठेवण्याचे मैदान. मुंबईचे हे मैदान आरंभी कोटात होते, पुढे ते कुलाब्याला गेले आणि विसाव्या शतकात शिवडीलगतच्या या भागात आले. मैदानांची जागा बदलत गेली. तथापि मुंबईच्या कापूस व्यापाराच्या इतिहासातील सर्वांत मोठी तेजी आणि तिच्यामागोमाग आलेले सर्वांत मोठे दिवाळे, या दोन्हींचे मूळ मुंबईत नव्हतेच. ते पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूस, अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूसपट्ट्यात होते; आणि त्या पट्ट्यात सर्वांत अधिक कापूस पिकविणारे राज्य होते मिसिसिपी.

मिसिसिपी हे राज्याचे नाव त्याच्या पश्चिम सीमेवरून वाहणाऱ्या महानदीवरून पडले आहे. या भूमीवर चॉक्टॉ, चिकसॉ आणि नॅचेझ या मूळ रहिवाशांची वस्ती होती. फ्रेंचांनी १७१६मध्ये नदीकाठच्या नॅचेझ येथे किल्ला बांधला. त्यानंतर इंग्रज आणि स्पॅनिश यांच्या हातून हा प्रदेश अमेरिकन संघराज्याकडे आला आणि १० डिसेंबर १८१७ रोजी मिसिसिपी हे संघराज्यातील विसावे राज्य बनले. सरकी वेगळी करणारे व्हिटनीचे यंत्र १७९३मध्ये निघाले होते, लँकेशायरच्या गिरण्यांची भूक दरवर्षी वाढत होती, आणि नदीकाठची काळी गाळाची जमीन तर कापसासाठीच घडविल्यासारखी होती. १८३०च्या करारान्वये चॉक्टॉ लोकांना आणि १८३२च्या करारान्वये चिकसॉ लोकांना आपली भूमी सोडून पश्चिमेकडे जावे लागले. मोकळ्या झालेल्या जमिनीवर कापूस आला आणि कापसाबरोबर गुलाम आले.

१८६०च्या जनगणनेनुसार मिसिसिपीची लोकसंख्या ७,९१,३०५ होती. त्यांपैकी ४,३६,६३१ माणसे गुलाम होती. म्हणजे दर शंभरांत पंचावन्न. त्या वर्षी राज्यात सुमारे बारा लाख गाठी कापूस पिकला. नॅचेझच्या टेकडीवर मळेवाल्यांचे शुभ्र खांबांचे प्रासाद उभे होते आणि त्याच गावाच्या वेशीवर, रस्ते फुटतात त्या ठिकाणी, दक्षिणेतील सर्वांत मोठ्या गुलामबाजारांपैकी एक भरत असे. जैन श्रावकाचारात जी पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत त्यांत केशवाणिज्याचा समावेश होतो. आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त त्याचा अर्थ द्विपाद आणि चतुष्पाद जीवांची विक्री असा दिला आहे. द्विपादांच्या विक्रीवर उभ्या राहिलेल्या राज्याचे मिसिसिपीहून ठळक उदाहरण आधुनिक काळात सापडणे कठीण.

बँकव्यवसायाशी संबंध आलेल्यांना त्या राज्याचा आणखी एक पैलू लक्षवेधी वाटेल. तेथे माणूस केवळ विकला जात नसे, तो तारणही ठेवला जाई. मळेवाला जमीन आणि गुलाम गहाण टाकून कर्ज उचली आणि त्या कर्जातून आणखी जमीन व आणखी गुलाम विकत घेई. या पतपुरवठ्यासाठी राज्याने आपल्या हमीवर प्लँटर्स बँकेकरिता वीस लाख आणि युनियन बँकेकरिता पन्नास लाख डॉलरचे कर्जरोखे काढले. रोखे युरोपातील धनिकांपर्यंत पोहोचले. १८३७च्या मंदीनंतर कापसाचे भाव कोसळले, बँका बुडाल्या आणि १८४२मध्ये राज्याने युनियन बँकेच्या रोख्यांची जबाबदारी सरळ झटकून टाकली. पुढे प्लँटर्स बँकेच्या रोख्यांचीही तीच गत झाली. १८७५मध्ये तर हे रोखे कधीही फेडले जाऊ नयेत, अशी दुरुस्ती राज्यघटनेतच करण्यात आली. ऋण नाकारण्याला घटनेचे कलम करणारे राज्य म्हणून मिसिसिपीचे नाव रोखेबाजारात दीर्घकाळ घेतले गेले.

मिसिसिपीचा आणि मुंबई इलाख्याचा परिचय मात्र युद्धाच्याही आधीचा. हिंदुस्थानी कापसाचा धागा आखूड, त्यातही माती आणि सरकी मिसळलेली, ही लँकेशायरची जुनी तक्रार होती. १८४०मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मिसिसिपीच्या खोऱ्यातून दहा अमेरिकन मळेवाले हिंदुस्थानात आणविले. त्यांनी बियाणे आणले, यंत्रे आणली, आणि आपल्या देशातील पद्धत येथल्या पावसाला व मातीला लावून पाहिली. बहुतेक ठिकाणी हा प्रयोग फसला. भडोचच्या आणि कोईमतूरच्या शेतकऱ्यांना पाहुण्यांकडून शिकण्यासारखे फारसे काही आढळले नाही. मराठी मुलखाला लागून असलेल्या धारवाड जिल्ह्यात तेवढे न्यू ऑर्लिन्सचे बी रुजले आणि ‘धारवाड-अमेरिकन’ नावाने त्या कापसाची बाजारात ओळख झाली.

९ जानेवारी १८६१ रोजी मिसिसिपी संघराज्यातून फुटले. साउथ कॅरोलायनानंतर फुटणारे ते दुसरे राज्य. फुटण्याची कारणे सांगणाऱ्या जाहीरनाम्यात आपले हित गुलामगिरीशी पूर्णतः निगडित असल्याचे त्याने आडपडदा न ठेवता नमूद केले. फुटीर राज्यांचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस हाही मिसिसिपीचाच मळेवाला. एप्रिलमध्ये युद्ध पेटले, लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली, १८६२च्या एप्रिलअखेर न्यू ऑर्लिन्स पडले आणि नदीच्या मुखातून बाहेर जाणारा कापूस थांबला. ब्रिटनला लागणाऱ्या कापसातील सुमारे चार-पंचमांश कापूस अमेरिकेतून येत असे. तो न आल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, लाखो कामगार घरी बसले आणि इंग्लंडची दृष्टी मुंबईकडे वळली.

पुढील चार वर्षांत काय घडले ते मुंबईच्या इतिहासात वारंवार लिहिले गेले आहे. एरवीच्या रास्त किमतीपेक्षा मुंबईला कापसापोटी ८ कोटी १० लाख पौंड अधिक मिळाले, म्हणजे तत्कालीन दराने सुमारे ८१ कोटी रुपये. जुन्या गाद्यांतील कापूसही काढून लोकांनी विकला असे सांगतात. मालात भेसळ इतकी वाढली की १८६३मध्ये सरकारला कापसातील लबाडी रोखणारा खास कायदा करावा लागला. पैसा आला, त्याला जागा पुरेना, तेव्हा कंपन्या निघाल्या. १८६५च्या आरंभी मुंबईत ३१ बँका आणि १६ वित्तसंस्था होत्या. समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजार रुपयांचा भाग पन्नास हजारांपर्यंत चढला. दलाल, वकील, सरकारी अधिकारी, सारेच या व्यवहारात उतरले.

या तेजीच्या केंद्रस्थानी शेठ प्रेमचंद रायचंद होते. १८३१मध्ये सुरतेत जन्मलेले हे जैन गृहस्थ इंग्रजी लिहिता-वाचता येणारे मुंबईतील पहिले देशी दलाल मानले जातात. बंदरात येणाऱ्या आगबोटीला वाटेतच होड्या पाठवून ते विलायतेचे भाव इतरांच्या आधी मिळवीत, अशी आख्यायिका आहे. १८६३च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेवरील जुनी बंधने सैल झाली आणि कंपन्यांच्या भागांवर कर्ज देण्याचा मार्ग मोकळा झाला. कर्जाचे तारण म्हणजे भाग, आणि त्या भागांचा भाव टिकून राहणार तो त्याच कर्जाच्या जोरावर. ज्याने एकदा तरी कर्जप्रकरण हाताळले आहे त्याला या व्यवहारातील धोका दोन ओळींत समजेल; त्या वेळी तो संचालकांना समजला नाही, किंवा समजूनही उमजला नाही. प्रेमचंदांच्या शब्दावर मोठमोठ्या रकमा उचलल्या गेल्या.

याच तेजीच्या वर्षांत, १८६४मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांनी आईचे नाव दिले. दृष्टी गेलेल्या राजाबाईंना घड्याळाच्या टोल्यांवरून सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ कळावी, असा हेतू त्यामागे होता असे परंपरेने सांगितले जाते. मनोरा १८७८मध्ये पुरा झाला. तोपर्यंत तेजी विरून तेरा वर्षे लोटली होती.

त्या वर्षांत मँचेस्टर आणि मुंबई ही दोन शहरे एकाच युद्धाकडे कोणत्या नजरेने पाहत होती, हे ताडून पाहण्यासारखे आहे. ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून लिंकनला पत्र पाठविले. नाकेबंदीने त्यांच्याच चुली विझल्या होत्या, तरी गुलामगिरी संपविणाऱ्या पक्षाला त्यांनी पाठिंबा दिला. लिंकनने जानेवारीत त्या पत्राचे कृतज्ञतेने उत्तर धाडले. मुंबईच्या बाजाराची स्थिती वेगळी होती. येथे कुणी माणूस विकला नव्हता. येथला कापूस खानदेश, वऱ्हाड आणि गुजरातच्या स्वतंत्र शेतकऱ्यांनी पिकविला होता. व्यवहारात वरवर पाहता दोष काढता येत नव्हता. परंतु सारे वायदे या एकाच अपेक्षेवर बांधले होते की युद्ध चालत राहील. ४ जुलै १८६३ रोजी मिसिसिपीतील व्हिक्सबर्ग ४७ दिवसांच्या वेढ्यानंतर शरण गेले आणि संपूर्ण नदी उत्तरेच्या ताब्यात आली. या वार्तेचा अर्थ जाणण्यास मुंबईला अजून दोन वर्षे लागायची होती.

९ एप्रिल १८६५ रोजी सेनापती ली शरण आला. काही आठवड्यांत ही वार्ता मुंबईस पोहोचली. चाळीस लाख माणसांच्या बेड्या तुटण्याचा तो आरंभ होता. मुंबईच्या बाजारात मात्र ती मंदीची वार्ता म्हणून वाचली गेली. १ जुलै १८६५ ही असंख्य वायद्यांच्या पूर्ततेची तारीख होती. त्या दिवशी देणेकरी आणि घेणेकरी एकमेकांकडे पाहत राहिले. बॅक बेचे भाग कवडीमोल झाले, पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या, स्वतः प्रेमचंदांचे साम्राज्य कोसळले. बँक ऑफ बॉम्बे १८६८मध्ये गुंडाळावी लागली आणि तिच्या कारभाराची सरकारी चौकशी झाली. त्याच नावाने निघालेली नवी बँक पुढे १९२१मध्ये इंपीरियल बँकेत आणि तिच्याद्वारे १९५५मध्ये स्टेट बँकेत सामावली. प्रेमचंद हळूहळू सावरले. १८७५मध्ये स्थापन झालेल्या शेअर दलालांच्या संघटनेच्या, म्हणजे आजच्या मुंबई शेअर बाजाराच्या, संस्थापकांत त्यांचे नाव आहे. १९०६मध्ये त्यांचे निधन झाले.

तेजीचे सुख शहरात राहिले. मंदीचे दुःख घाट चढून गावोगाव गेले. चढ्या भावांच्या काळात शेतकऱ्याला सावकाराकडून सहज कर्ज मिळे. भाव उतरले, त्यातच जमीनमहसूल वाढला आणि सावकाराने हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला आणि हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. ज्यांच्यावर रोष होता त्यांत गुजराती आणि मारवाडी व्यापारी बहुसंख्य होते. त्यांत आपल्या समाजाचीही घरे असणार, हे नाकारण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की जमावाने माणसांना फारसे मारले नाही. त्यांना वह्या आणि कर्जखते हवी होती. मिळताच ती जाळली. मिसिसिपीने आपले कर्ज घटनादुरुस्तीने बुडविले तेही याच वर्षी. तेथे राज्याने कायद्याने जे केले ते येथे शेतकऱ्याने काडी ओढून केले, आणि शिक्षा अर्थातच शेतकऱ्याला झाली. १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला आणि सावकाराच्या वहीची छाननी करण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला.

मिसिसिपीतही प्रश्न वहीचाच उरला होता. मुक्त झालेल्या माणसांजवळ जमीन नव्हती. ते त्याच मळ्यांवर अर्धलीने राबू लागले. बी, पीठ, कापड सारे मळ्याच्या दुकानातून उधार. हंगामाच्या शेवटी हिशेब मालक करी आणि खाते बहुधा बाकीच दाखवी. लिहिता-वाचता न येणाऱ्या कुळाने तो हिशेब पडताळायचा कसा? सुप्याच्या शेतकऱ्याला हे चित्र परके वाटले नसते. या शेतांतून, दिवसभर कापूस वेचताना एकमेकांना घातलेल्या सादेतून ‘ब्लूज’ नावाचे गाणे घडले. मडी वॉटर्स आणि बी. बी. किंग हे त्याचे जगप्रसिद्ध गायक मिसिसिपीच्याच मळ्यांवर वाढले. आज जगभर ऐकल्या जाणाऱ्या रॉक संगीताची मुळे या गाण्यात आहेत. मळेवाल्यांच्या प्रासादांपेक्षा या राज्याची मोठी देणगी तीच.

कापसाचे म्हणाल तर १८४०च्या पाहुण्यांचा पराभव दीर्घकाळ टिकला नाही. आज विदर्भात पिकणारा बहुतांश कापूस अमेरिकन जातीचाच आहे. यवतमाळची देशी वाणे मागे पडली.

आणि मिसिसिपी? १८६५च्या डिसेंबरात गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती त्याच्या विधिमंडळाने फेटाळली होती. दुरुस्ती देशभर लागू झाली, राज्याची संमती तेवढी राहून गेली. १९९५मध्ये विधिमंडळाने ती अखेर मंजूर केली. मात्र मंजुरीचा कागद संघराज्याच्या दप्तरात पाठविण्याचे कुणाच्या लक्षात आले नाही, आणि नोंदवहीत मिसिसिपीपुढची खूण तशीच राहिली. ही चूक शोधून काढली ती भारतातून तेथे जाऊन स्थायिक झालेल्या, वैद्यकीय विद्यापीठातील एका प्राध्यापकांनी. लिंकनवरील चित्रपट पाहून आल्यावर त्यांनी सहज चौकशी केली होती. कागद पाठविले गेले, आणि ७ फेब्रुवारी २०१३ रोजी नोंद पुरी झाली.