परळ दूरच राहिलं

6 ऑगस्ट 1986 रोजी परळच्या केईएममध्ये हर्षा चावडा जन्मली आणि ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हा शब्द मराठी घरांत आला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचं हे यश. मला महत्त्वाची वाटते ती जागा. केईएम महापालिकेचं. केसपेपर काढून तिथे कुणीही रांगेत उभं राहावं.

पुढच्या काळात हे तंत्र बहुतांशी खासगी केंद्रांत गेलं. एका खेपेचा खर्च लाखाच्या पुढे, आणि पहिल्याच खेपेला दिवस राहतील याची हमी नाही. आयुष्मान भारतमध्ये वंध्यत्वावरचे उपचार बसत नाहीत. 2021 च्या कायद्याने केंद्रांना नोंदणी सक्तीची केली, दरांना मात्र हात लावला नाही.

अलिबागजवळच्या नागावातून मुंबई गाठायची तर हा हिशेब आणखी वाढतो. दहा-बारा दिवस इंजेक्शनं, मधे सोनोग्राफीच्या फेऱ्या. शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण 36 तासांनी स्त्रीबीजं काढावीच लागतात. पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद आहे, हे कारण शरीर ऐकत नाही. मग पेण-पनवेलमार्गे एसटी. जिची स्वतःची वाडी आणि पर्यटकांना द्यायच्या खोल्या आहेत, ती महिनाभर मुंबईला नातेवाइकांकडे राहू शकते. दुसऱ्याच्या वाडीत रोजावर जाणारीचा मात्र प्रत्येक फेरीला रोज बुडतो. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात या पट्ट्यातल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा तर मालक काय आणि मजूर काय! नवी पोफळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात. तेवढ्यात तिशीची बाई पस्तिशी गाठते, आणि या उपचारात वयाइतकं निर्णायक दुसरं काही नाही.

तरी लोक म्हणतात, ‘तिचं फेल गेलं.’ एका खेपेनंतर पैसे संपले, हे त्यात कुठेच येत नाही. अपयश एकट्या बाईचं नसतं: सरकारी आरोग्यसेवा असलेल्या ब्रिटनमध्येही 2021 च्या अहवालात 30 ते 34 वयाच्या गोऱ्या स्त्रियांमध्ये यशाचं प्रमाण 30 टक्के, कृष्णवर्णीयांमध्ये 23 टक्के निघालं; त्यांचे उपचार सरासरीने उशिरा सुरू होतात, हेही त्यात नोंदलं होतं.

गोव्याने 2023 मध्ये बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात हे उपचार मोफत सुरू केले. रायगडपुरतं बोलायचं तर इंजेक्शनं, रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात झाली, तरी मुंबईच्या फेऱ्या दोन-तीनवर येतील: बीजं काढायला, गर्भ सोडायला.