ब्रेकमधली एअर घरी काढताना

पेडल स्पंजासारखं दबतंय, म्हणजे पाइपात हवा शिरली आहे. ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, हवा दबते. मग पायाचा जोर चाकापर्यंत पोचणार कसा? आम्ही दोघांनी मिळून करायची पद्धत सांगतो. एकाने पेडल तीन-चारदा पंप करून दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल किंचित सैल करायचं. बुडबुडे नळीतून बाटलीत येतात. आणि इथेच चूक होते बघा: निपल घट्ट होईपर्यंत पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा परत आत! वरच्या टाकीचा तळ दिसू देऊ नका. बाटलीतलं ऑइल पुन्हा ओतू नका. ते पाणी शोषतं. नवं डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलेलं १५५ लाही उकळू शकतं. घाट उतरताना ब्रेक तापले, ऑइलची वाफ झाली, की पेडल पुन्हा मऊ.