यांत्रिक तांडेलाची पकड

अंबा नदीचे पाणी जिथून धरमतरच्या खाडीकडे जाते, त्या कासूच्या आसमंतात शिडाचा मचवा म्हटला की सुकाणूवर तांडेल बसलेलाच असावयाचा. परंतु कमांडर दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबई सोडून 19 मे 2010 पर्यंत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा निद्रेच्या वेळी सुकाणू कोणी धरावे, हा प्रश्न यंत्राच्याच हवाली करणे प्राप्त होते.

सुकाणू धरणाऱ्या अशा यंत्राच्या, म्हणजे स्वयंचालकाच्या, अनेक प्रकारांत मोटार आणि सुकाणू यांमध्ये विद्युच्चुंबकीय क्लच असतो. वीज मिळताच त्याचे वेटोळे चकतीला ओढून घेते व मोटारीचे बळ सुकाणूस पोहोचते, वीज तोडताच चकती सुटून माणसास चक्र मोकळे फिरविता येते. मोटार गुणगुणते आणि सुकाणू मात्र हलत नाही, अशी तक्रार आली की संशयित प्रायः हाच असतो.

तथापि क्लच उघडण्याची घाई करू नये. स्वयंचालक चालू ठेवून प्रथम क्लचच्या तारांवर विजेचा दाब मोजावा. खाऱ्या हवेने गंजलेल्या जोडावर तो पुष्कळदा घटतो, आणि तसे असल्यास जोड घासून नवा करणे एवढ्यावर दुरुस्ती आटोपते. दाब पुरेसा असूनही वेटोळ्यातून प्रवाह वाहत नसेल तर तार आत तुटलेली समजावी. प्रवाह असून पकड निसटत असेल, तर चकत्या झिजलेल्या किंवा वंगणाने माखलेल्या असण्याचा संभव अधिक. वंगण पुसता येते; झिजलेली चकती मात्र बदलावीच लागते, आणि भर समुद्रात ती जवळ नसेल तर हाताने सुकाणू धरणे आले.