किल्लीच्या घड्याळाचा पुनर्जन्म

घड्याळ वेळ पाहण्याकरितां असतें, ही समजूत इतकी सर्वमान्य आहे कीं, तिच्याविषयीं कोणी शंका घेत नाहीं. परंतु गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत उंची यांत्रिक घड्याळांच्या धंद्यांत जी उलथापालथ झाली, तिनें या समजुतीलाच धक्का दिला आहे. आज लाखों रुपये किंमतीचें किल्लीचें घड्याळ चार-पांचशें रुपयांच्या सेलवरील घड्याळाइतकी बिनचूक वेळ दाखवीत नाहीं. आणि तरीही त्याला गिऱ्हाईक आहे. हें कसें घडलें, तें आज थोडक्यांत पाहूं.

प्रथम यंत्राची रचना ध्यानांत घेतली पाहिजे. किल्लीच्या घड्याळांत एका लहानशा डबींत गुंडाळून ठेवलेली पोलादी कमान हीच सर्व शक्तीचें मूळ. किल्ली दिली म्हणजे ती आवळली जाते व पुन्हां सैल होऊं पाहते. ती एकदम सुटली तर कांटे क्षणभर गरगर फिरून कायमचे थांबतील. म्हणून तिच्या वाटेंत दंतचक्रांची मालिका आणि शेवटीं एक अडसर बसविलेला असतो. केसासारख्या बारीक कमानीच्या जोरावर मागेंपुढें झुलणारें एक चाक हा अडसर ठराविक गतीनें उघडतें व मिटतें. आपण टिकटिक म्हणून ऐकतों तो याच अडसराचा आवाज. जुन्या मनगटी घड्याळांत तो बहुधा सेकंदास पांच वेळां होतो. थंडी-उष्णता, वंगणाचा चिकटपणा, हाताची हालचाल, या सर्वांचा परिणाम त्या झुलत्या चाकावर होतो. म्हणून उत्तम घड्याळही दिवसाकांठीं चार-पांच सेकंद पुढेंमागें होतें. हा फरक एकेक सेकंदानें कमी करण्यांत स्वित्झर्लंडच्या जूरा पर्वतांतील कारागिरांच्या पिढ्यान् पिढ्या खर्ची पडल्या.

ता. २५ डिसेंबर १९६९ रोजीं जपानच्या सायको कंपनीनें टोकियो येथें 'ॲस्ट्रॉन' नांवाचें घड्याळ विक्रीस आणलें. त्यांत झुलतें चाक नव्हतें. सेलच्या विजेनें सेकंदास ८,१९२ वेळां कंप पावणारा क्वार्ट्झचा स्फटिक त्याच्या जागीं होता, आणि महिन्याला पांच सेकंदांहून अधिक फरक पडणार नाहीं अशी कंपनीची हमी होती. त्याची किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या वेळच्या एका लहान मोटारीइतकी होती. पण पुढें दहा वर्षांच्या आंत असलीं घड्याळें कोणालाही परवडतील इतकीं स्वस्त झालीं. न्यूशातेल येथील स्विस संशोधकांनींही १९६७ सालीं क्वार्ट्झचें मनगटी घड्याळ सिद्ध केलें होतें. परंतु त्याचा लाभ जपाननें अधिक त्वरेनें उठविला. त्यांतच स्विस फ्रँक महाग झाल्यामुळें परदेशांतील विक्री खालावली. १९७० सालीं स्विस घड्याळधंद्यांत सुमारें ९०,००० माणसें काम करीत होतीं. पंधरा वर्षांत ती संख्या तीस-पस्तीस हजारांवर आली.

माणसें जातात तेव्हां त्यांच्याबरोबर विद्याही जाते, आणि खरा धोका तोच होता. या संदर्भांत शार्ल व्हेर्मो या कारागिराची हकीगत सांगण्यासारखी आहे. ल लॉक्ल गांवीं झेनिथ घड्याळांचा कारखाना आहे. सेकंदास दहा ठोके देणारें 'एल् प्रिमेरो' हें नामांकित यंत्र त्यानें १९६९ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें कारखाना एका अमेरिकन रेडिओ कंपनीच्या हातीं गेला, आणि १९७५ सालीं तिनें यांत्रिक घड्याळें बंद करून हत्यारें मोडींत काढण्याचा हुकूम दिला. व्हेर्मो यांनीं तो मानला नाहीं. त्यांनीं तीं हत्यारें, साचे व नकाशे गुपचूप माळ्यावर नेऊन दडविले; प्रत्येकावर चिठ्ठी लावली आणि कामाची रीत वहींत टिपून ठेवली. १९८४ सालीं नव्या मालकांनीं तेंच यंत्र पुन्हां करावयाचें ठरविलें, तेव्हां हा ठेवा बाहेर निघाला. वही नसती, तर नुसत्या हत्यारांचा फारसा उपयोग झाला नसता.

दरम्यान वारें फिरूं लागलें होतें. १९८३ सालीं अवघ्या ५१ भागांच्या, प्लॅस्टिकच्या 'स्वॉच' घड्याळानें स्विस धंद्याला पुन्हां पैसा मिळवून दिला. परंतु उंची घड्याळांची वाट निराळी होती. बिव्हेर व पिगे या दोघांनीं 'ब्लाँपँ' हें जुनें, बंद पडलेलें नांव विकत घेऊन क्वार्ट्झचें एकही घड्याळ करावयाचें नाहीं असा बाणा धरला, आणि गिऱ्हाइकांनीं तो उचलून धरला. १९८९ सालीं पातेक फिलिप कंपनीनें आपल्या दीडशेंव्या वर्षानिमित्त ३३ निरनिराळीं कामें करणारें खिशांतील घड्याळ तयार केलें. बिनचूकपणांत हरलेल्या यंत्रानें आतां कौशल्याचा अभिमान बाळगावयास आरंभ केला. पूर्वी झाकणाआड असलेलें यंत्र कांचेच्या पाठींतून दिसूं लागलें. ज्या कडा कोणी पाहतही नव्हतें, त्या हातानें तिरप्या घासून चकचकीत करणें हीच किंमतीची खूण ठरली.

मात्र हें सारें जुन्याच रीतीनें चाललें आहे असें समजूं नये. सुटे भाग आज संगणकावर चालणारीं यंत्रें कापतात. २००१ सालीं युलिस नार्दां कंपनीनें अडसराचीं चक्रें सिलिकॉनचीं बसविलीं. हा पदार्थ हलका असून त्याला चुंबकाची बाधा होत नाहीं. ज्या विजेच्या विद्येनें हा धंदा बुडत होता, तिचाच पदार्थ त्याच्या उपयोगी पडला! इंग्रज घड्याळजी जॉर्ज डॅनिएल्स यांनीं कमी घर्षणाचा नवा अडसर एकट्यानें शोधून काढला; तो ओमेगा कंपनीनें १९९९ सालीं स्वीकारला. पुढें २०२० सालीं स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या सीमेवरील यांत्रिक घड्याळांच्या कारागिरीला युनेस्कोनें मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत स्थान दिलें.

विद्या वांचली, ही समाधानाची गोष्ट खरीच. पण ती श्रीमंतांच्या आश्रयानें वांचली, हें विसरतां येत नाहीं. सामान्य माणसाच्या किल्लीच्या घड्याळाला असा आश्रय मिळाला नाहीं. आपल्या देशांत एच्. एम्. टी.नें १९६१ सालीं जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें बंगलोर येथें सुरू केलेल्या घड्याळांच्या उद्योगानें हजारों मध्यमवर्गीयांच्या मनगटावर वेळ आणली. २०१६ सालीं तो उद्योग बंद करण्याचा निर्णय झाला. दुसरें असें कीं, उंची घड्याळांच्या कित्येक कंपन्या आतां सुटे भाग बाहेरच्या कारागिराला देत नाहींत. दुरुस्ती त्यांच्याकडेच करावी लागते. त्यामुळें डोळ्याला भिंग लावून बसणारा पेठेतला घड्याळजी उंची घड्याळाच्या नव्या भाग्यांत वाटेकरी झालाच नाहीं.

तेव्हां, श्रोतेहो, आपल्या घरीं कपाटांत वडिलांचें अथवा आजोबांचें किल्लीचें घड्याळ पडून असेल, तर तें एकदां जाणत्या घड्याळजीकडे न्यावें. वंगण वाळलेलें असतें, म्हणून आधीं किल्ली देऊं नये. तें उघडून साफ करवून घ्यावें. पुढें दोन-चार वर्षांनीं पुन्हां दाखवावें. व्हेर्मो यांनीं माळ्यावर जें जपलें, त्याचाच एक लहानसा अंश आपल्याही कपाटांत आहे. आणि तो चालू करणारा हात अजून आपल्या गांवांत आहे, तोंवरच त्याचा उपयोग.